परिषदेला येतांना घरचें दप्तर बरोबर आणा

(नगर जिल्ह्याच्या इतिहासावरील परिषदेंत, सार्वजनिक बैठकीच्या वेळीं झालेलें भाषण)



परिषदेच्या चालकांनीं यंदा एक गोष्ट बरी केली. विद्वानांची बैठक आणि लोकांची बैठक एकाच मांडवांत भरविली. आजवरचा रिवाज असा कीं, पंडितांनीं निबंध वाचावा, पंडितांनींच माना डोलवाव्या, आणि ज्यांनीं मांडवाचे खांब रोवले त्यांनीं बाहेर उभें राहून आंत काय चाललें आहे याचा तर्क करावा. आज आपण आंत बसलों आहों. तेव्हां आंत बसून आपलें काम काय, एवढेंच मला सांगावयाचें आहे. ऐकणें हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें आपल्या घरांत, फडताळांत नाहीं तर देव्हाऱ्यामागच्या पेटींत पडलें आहे.

जिल्ह्याचा इतिहास म्हटला कीं आपल्या पोरांना काय ठाऊक असतें? १४९० सालीं मलिक अहमदानें बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ सालीं शहराचा पाया घातला. चांदबिबीनें १५९५-९६ मध्यें मोगलांना किल्ला घेऊं दिला नाहीं, आणि १६०० सालीं तो पडला. १९४२ पासून पुढें त्याच किल्ल्यांत नेहरू, आझाद वगैरे पुढारी कैदेंत होते व नेहरूंनीं तेथें मोठा ग्रंथ लिहिला. आतां २०२४ पासून जिल्ह्याला अहिल्याबाईंचें नांव आहे, आणि ती चौंडीच्या पाटलाची लेक, म्हणजे आपल्याच सारख्या गांवगाड्यांतली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. वाटावाच. हें सर्व खरें आहे व तें शिकविलेंच पाहिजे.

पण नगरपासून थोड्या अंतरावर भातवडीचें तळें आहे, त्याची गोष्ट पाहा. १६२४ सालीं मलिक अंबरानें मोगल आणि विजापूरकर यांच्या फौजांना तेथें गांठलें आणि तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणींत पाणी सोडलें. शहाजीराजे त्या लढाईंत होते. त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. लढाईचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु बांध फुटला तें पाणी कोणाचें होतें? त्या पाण्यावर ज्यांचीं पिकें उभीं होतीं त्या कुणब्यांनीं पुढचें वर्ष कसें काढलें? बांध पुन्हा घालावयाला दगड कोणीं वाहिले, पाथरवटाला आणि वडाराला मजुरी मिळाली कीं वेठच झाली? हें कोणी विचारीत नाहीं, कारण विचारणारा त्या गांवचा नसतो.

इतिहासाच्या परिषदा व मंडळें ही आपल्याकडे फार जुनी वस्तु नव्हे. १९१० च्या जुलैंत राजवाडे आणि मेहेंदळे यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें. त्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाला, १९३५ सालीं, अखिल भारतीय इतिहास परिषदेचें पहिलें अधिवेशन पुण्यांतच भरलें. त्या लोकांनीं मेहनत केली नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. राजवाडे गांवोगांव पायपीट करीत, उपाशीपोटीं दप्तरें धुंडाळीत. पण दप्तरें सांपडलीं तीं सरदारांच्या वाड्यांत, जहागीरदारांकडे, देशपांडे-कुळकर्ण्यांकडे. ज्याच्या घरीं लिहिणारा होता त्याच्याच घरीं इतिहास सांपडला, यांत नवल कोणतें? त्याच १९१० सालच्या नोव्हेंबरांत मुकुंदराव पाटलांनीं आपल्या जिल्ह्यांत 'दीनमित्र' सुरू केला. नेवाशाच्या तरवडीसारख्या खेड्यांतून तो साप्ताहिक पुढें १९६७ पर्यंत निघत राहिला. कुणब्याचें कर्ज, पोराची शाळा, भिक्षुकांची दक्षिणा यांवर त्यांत जें छापलें गेलें, तें कोणत्याहि वाड्याच्या दप्तरांत मिळावयाचें नाहीं. पुण्याचें मंडळ आणि मुकुंदरावांचा 'दीनमित्र' एकाच वर्षाचीं भावंडें आहेत. पहिल्याचें नांव विद्वानांच्या तोंडीं आहे; दुसऱ्याचे अंक कितीजणांनीं चाळले, तें मांडवांतल्या विद्वानांनीं आपापल्या मनाला विचारावें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. आपल्या लोकांचा आणि कागदाचा संबंध फार कडू आहे. १८७५ च्या १२ मे रोजीं भीमथडींतल्या सुप्याच्या बाजारांत कुणबी सावकारांवर उठले. थोड्याच दिवसांत तो वणवा आपल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत ह्या तालुक्यांत आला. दोन्हीं जिल्ह्यांचीं मिळून तीसहून अधिक गांवें उठलीं. अमेरिकेंतल्या लढाईच्या दिवसांत कापसाला भाव चढला तेव्हां सावकारानें हातानें घालून कर्ज दिलें. लढाई १८६५ सालीं संपली, भाव उतरला, सरकारनें धारा वाढविला, आणि सावकारानें हात आंखडला. त्या दंग्यांत लोकांनीं काय केलें तें नीट ध्यानांत घ्या. सावकाराचा जीव घ्यावयाला ते गेले नव्हते. त्यांनीं मागितले ते रोखे, गहाणखतें, हुकूमनामे आणि वह्या. कागद मुकाट्यानें दिले तेथें बहुतेक ठिकाणीं त्याच्या अंगाला हात लागला नाहीं. चावडीपुढें ढीग केला आणि आग लाविली.

का लाविली? कारण त्या कागदांवर आपल्या आज्याचें नांव होतें, पण अक्षर दुसऱ्याचें होतें. आज्याची सही म्हणजे निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, कारागिराची त्याच्या त्याच्या हत्याराची. वर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नसे. खालीं आपला नांगर काढून द्यावयाचा, आणि त्याच नांगराखालची जमीन जावयाची. जो कागद वाचतां येत नाहीं तो जाळण्यावांचून त्यांना दुसरा उपाय दिसला नाहीं. मी त्यांना दोष देत नाहीं.

पुढें चौकशीला कमिशन बसलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतल्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यांत धरले. ह्या कायद्यांत एक कलम होतें, तें मला ह्या परिषदेच्या दृष्टीनें फार मोलाचें वाटतें. शेतकऱ्यावर दावा आला तर न्यायाधीशानें नुसता रोखा पाहून निकाल देऊं नये. देवघेव पहिल्यानें सुरू झाली तेथपासून तिचा सर्व इतिहास तपासावा, असें तें कलम होतें. मुद्दल किती, व्याज किती, जुना रोखा फाडून नवा केव्हां केला, मध्यें धान्य किती घातलें, सर्व काढावें. म्हणजे बंधुहो, विद्वानांची परिषद भरण्याच्या किती तरी आधीं कुणब्याचा इतिहास कोर्टांत तपासला जात होता. फरक एवढाच कीं तेथें इतिहास चुकला तर बैल आणि वावर जात असे. शिवाय त्याच कायद्यानें असा नियम केला कीं शेतकऱ्याचा रोखा गांवच्या निबंधकापुढें लिहिला जावा व त्याची नोंद रहावी. त्या नोंदी, नकला, पावत्या पुष्कळ घरांत अद्याप आहेत. घरांतल्या म्हाताऱ्यांनीं त्या फेंकूं दिल्या नाहींत, आणि नव्या सुनांना त्या कशाच्या हें कोणीं सांगितलें नाहीं.

कोणी म्हणेल, जुन्या चिटोऱ्यांनीं आज काय होणार? श्रीरामपूर, राहाता, कोपरगांवकडच्या खंडकरी शेतकऱ्यांना विचारा. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या पाटाखालीं ऊंस आला. कारखान्यांनीं कुणब्यांच्या जमिनी खंडानें घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर त्या जमिनी सरकारकडे आणि १९६३ सालीं निघालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालकाचा नातू आपल्याच वावरावर रोजंदारीला जाऊं लागला. परत मिळविण्याची झुंज कित्येक दशकें चालली, आणि २०१२ च्या सुमारास वाटप होऊं लागलें. मोर्चे निघाले, कज्जे झाले, तरी शेवटीं प्रश्न एकच निघे: खंडानें जमीन दिली ती कोणीं आणि किती, याला कागद आहे काय? ज्याच्या बापानें खंडपत्र जपलें तो ताठ मानेनें उभा राहिला. आणखी जवळचें उदाहरण २०२३ सालचें. कुणबी नोंदी शोधण्याकरितां सरकारनें न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां कचेऱ्यांतल्या जुन्या मोडी दप्तरांपुढें सगळे खोळंबले, आणि मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला! जी लिपि आपल्या आज्याच्या गळ्याला फास होती तीच शाळांतून गेल्यावर आपल्याला परकी झाली. परिषदेनें दहा निबंध कमी वाचले तरी चालेल, पण तालुक्यागणिक मोडीचा एक वर्ग काढावा, आणि तो आमच्या मुलामुलींसाठीं काढावा, अशी माझी मागणी आहे.

ज्यांच्या घरीं कागदच नाहीं त्यांचें काय? मातीलाहि विचारतां येतें. संगमनेर तालुक्यांतल्या जोर्वें गांवाचें नांव आज महाराष्ट्रभरच्या पुरातन संस्कृतीला दिलेलें आहे, आणि खापरें घडविणारे ते हात कोणा राजाचे नव्हते. प्रवरेकांठच्या दायमाबादेस १९७४ सालीं छबू लक्ष्मण भिल्ल यांना जमीन खणतांना चार धातूच्या मूर्ती सांपडल्या: बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचें वजन मिळून साठ किलोंच्या वर. जगांतल्या विद्वानांनीं त्यांवर लिहिलें. मूर्ती जिल्ह्याबाहेरच्या संग्रहालयांत गेल्या, तें सुरक्षिततेसाठीं ठीक झालें असेल. पण सांपडविणाऱ्याचें नांव आपल्या शाळेंतल्या किती पोरांना येतें? अकोल्याच्या डोंगरांतल्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ सालीं ठाण्यास फांशी दिलें. सावकाराविरुद्धचें तें बंड कागदांत सरकारच्या बाजूनें लिहिलें गेलें, डोंगरांतल्या आठवणींत दुसऱ्या बाजूनें राहिलें. दोन्हीं मांडवांत यावयाला पाहिजेत. तसेंच बायांचें. जात्यावरच्या ओव्यांत सासरचें, दुष्काळाचें, बाजारभावाचें जें सांगितलें आहे तें कोणत्या बखरींत आहे? आमच्या मायबहिणी मांडवांत मागें बसल्या आहेत. त्यांना पुढें बोलवा.

आतां सावधगिरीचे दोन शब्द, आणि ते विद्वान मंडळींनीं रागावूं नये. आमच्या आळींत एका घरचा रुमाल एक गृहस्थ अभ्यासाला म्हणून घेऊन गेले. पावती नाहीं, नक्कल नाहीं. म्हातारा रुमालाची वाट पाहत गेला. म्हणून सांगतों, मूळ कागद कोणाच्याहि हातीं पावतीवांचून देऊं नका, मग तो कितीहि मोठा पदवीधर असो. घरच्या मुलाकडून मोबाइलवर प्रत्येक पानाचे पाठपोट फोटो घ्या. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावूं नका, प्लास्टिकांत दाबून घेऊं नका. तसा दाबलेला कागद पुढें सोडवितां येत नाहीं. दमटलेला कागद उन्हांत टाकूं नका, सावलींत वारा लागूं द्या. जाड सुती कापडांत सैल बांधून जमिनीपासून उंच ठेवा, आणि पावसाळा सरतांच एकदां सोडून वाळवी पाहा. कागद कोणाचा, घरांत कोणाकडून आला, कोणत्या गांवचा, हें वेगळ्या चिठीवर लिहून आंत ठेवा. मूळ कागदावर एक अक्षर लिहूं नका.

मोडी वाचणारी मंडळी दुपारच्या जेवणानंतर मांडवाच्या उत्तरेच्या बाजूला बसणार आहेत. ज्यांनीं आज कागद आणले असतील त्यांनीं तेथें जावें, ज्यांचे घरीं राहिले असतील त्यांनीं उद्यां सकाळीं आणावे. वाचून घ्यावें, पोराकडून वहींत उतरून घ्यावें, आणि मूळ कागद त्याच रुमालांत बांधून आपल्या हातानें घरीं न्यावा.