मध्यरात्रीचा ठोका आणि सर्व्हरांची गर्दी

लग्नघरीं ३०० पाहुणे एकाच वेळीं पानावर बसले तर ४ वाढप्यांची कशी त्रेधा उडते, हें सर्वांस ठाऊक आहे. अन्न पुरेसें असतें. हात मात्र पुरत नाहींत. म्हणून चतुर यजमान पंगतीमागून पंगत बसवितो. संगणकांच्या व्यवहारांतहि हीच युक्ति उपयोगी पडते.

बँका व रुग्णालयें यांचीं कामें ज्या सर्व्हरांवर, म्हणजे अनेकांची सेवा करणाऱ्या संगणकांवर चालतात, त्यांना कांहीं नेमाचीं कामेंहि असतात: दप्तराची दुसरी प्रत काढणें, जुन्या नोंदी आवरणें इत्यादि. हीं कामें ठरल्या वेळीं आपोआप सुरू करणारी ‘क्रॉन’ नांवाची योजना युनिक्स प्रणालींत १९७० च्या दशकापासून आहे. तिच्या आज रूढ असलेल्या आवृत्त्यांत नुसतें ‘दररोज’ असें सांगितलें कीं त्याचा अर्थ तास शून्य, मिनिट शून्य, म्हणजे नेमकी मध्यरात्र असा होतो.

मेख तेथेंच आहे. मध्यरात्र निवांत म्हणून प्रत्येकानें तीच वेळ निवडली कीं ती निवांत राहत नाहीं. शिवाय पुष्कळ सर्व्हरांचीं घड्याळें जागतिक प्रमाणवेळेवर लाविलेलीं असतात. त्यांची मध्यरात्र म्हणजे भारतांतील पहांटेचे ५-३०.

साधा हिशेब पाहावा. ६० सर्व्हरांच्या प्रती एका सामाईक भांडारांत जावयाच्या आहेत, आणि एकेकट्यास १ मिनिट पुरतें. सर्व एकदम निघाले तर भांडाराच्या दारीं खोळंबा होतो. कांहींची मुदत टळते, ते पुन्हां प्रयत्न करितात व गर्दी अधिकच वाढते. त्याच क्षणीं परिचारिकेनें त्या भांडारांतून एखाद्या रुग्णाची नोंद मागितली तर तिलाहि तिष्ठावें लागतें. तेच ६० जण मिनिटामिनिटाच्या अंतरानें निघाले, तर तासाभरांत काम बिनबोभाट उरकतें आणि नवें यंत्रहि घ्यावें लागत नाहीं.

हें अंतर पाडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, चिठ्ठी काढल्याप्रमाणें वाटेल तितका वेळ थांबण्याचा. ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेंत तशी सोय आहे. परंतु रोज नवी चिठ्ठी निघाली तर कामाची वेळहि रोज बदलते, आणि बिघाडाचा माग काढणें अवघड होतें. दुसरा मार्ग, नांवावरून गणितानें आंकडा काढून तेंच मिनिट कायम ठेवण्याचा. ‘जेन्किन्स’ या साधनांत ‘एच’ हें अक्षर लिहिलें कीं कामाच्या नांवावरून वेळ अशीच ठरते. नेमाच्या कामांस हा दुसरा मार्ग अधिक मानवतो.

मात्र जेथें एक काम दुसऱ्यावर अवलंबून असतें, तेथें नुसतें अंतर पुरत नाहीं. प्रत पुरी झाल्याची खूण मिळाल्याखेरीज जुनी नोंद पुसणें घातक होय. म्हणून वेळापत्रकांत ‘शून्य, शून्य’ लिहिण्यापूर्वीं व्यवस्थापकानें दोन प्रश्न विचारावे: याच वेळीं आणखी कोण येणार आहे, आणि आपल्याआधीं कोणाचें काम पुरें व्हावयास हवें?