बास गिटारचा कान

विजेवर चालणारी बास गिटार हे आधुनिक वाद्यवृंदाचे जोते होय. जोत्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु ते खचले तर भिंतींना तडे जातात. गाणे ऐकणाऱ्याच्या स्मरणात गायक राहतो, बासवादक क्वचितच. तरीही त्या जाड तारांचा खर्ज नाहीसा झाला तर गाण्याची बैठकच मोडते. म्हणूनच हा खर्ज पोकळ, बद्द किंवा कर्कश वाटू लागला की वादक अस्वस्थ होतो आणि वाद्यातील पिकअप बदलण्याचा विचार त्याच्या मनात घर करतो. हा निर्णय खर्चाचा तर खराच. पण तो चुकला तर वाद्याचा ओळखीचा आवाजही हातचा जातो.

पिकअप हा वाद्याचा कंठ नव्हे; तो त्याचा कान आहे. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. त्यावरून जाणारी पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हालते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. तारेत जो नाद मुळातच नाही तो या कानाला ऐकू येणार नाही. परंतु असलेल्या नादातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे पुष्कळसे तोच ठरवितो.

अमेरिकेतील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली, तेव्हा तिच्या पिकअपमध्ये एकच वेटोळे होते. असे एकेरी वेटोळे तारेचा नाद स्वच्छ टिपते, पण आसपासच्या विजेची घरघरही तितक्याच इमानेइतबारे टिपते. भारतात विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात, आणि बासच्या सर्वांत जाड तारेची कंपने सुमारे ४१. त्यामुळे ही घरघर नेमकी खर्जाच्याच घरात शिरते. १९५७ साली त्याच वाद्याच्या पिकअपचे दोन भाग करण्यात आले. दोन तारांखाली एक वेटोळे, उरलेल्या दोन तारांखाली दुसरे, आणि दोहोंचे वेढे व ध्रुव परस्परविरुद्ध. त्यामुळे बाहेरची घरघर आपसांत खोडली जाते, तारांचा नाद मात्र शाबूत राहतो. १९६० सालच्या ‘जॅझ बास’मध्ये दोन एकेरी पिकअप आले. दोन्ही सारख्या जोराने चालू ठेवले तर घरघर मावळते. एकच ठेवला तर ती परत येते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, तक्रार नेमकी कशाची आहे? घरघरीची असेल, तर घरघर खोडणारी जोडवेटोळ्यांची रचना हा सरळ उपाय होय. नादाची असेल, तर चुंबक आणि वेढे यांचा विचार करावा. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा चुंबक सामान्यतः मऊ, गोलसर नाद देतो असा वादकांचा अनुभव आहे. फेराइटचा नाद अधिक टोकदार मानला जातो. वेढे वाढविले की जोर वाढतो, पण वरचे स्वर मंदावतात. म्हणून जाहिरातीत छापलेला विद्युत्‌रोधाचा आकडा मोठा दिसला, एवढ्यावर भुलू नये. बॅटरीवर चालणारे पिकअप स्वच्छ आणि शांत असतात. मात्र ऐन कार्यक्रमात बॅटरी संपली तर वाद्य मुके होते.

दुसरा प्रश्न मापाचा. तारांमधील अंतर आणि लाकडातील खाच यांच्याशी नवा पिकअप जुळला पाहिजे. ‘जॅझ बास’चे दोन पिकअपसुद्धा लांबीने सारखे नसतात. खाच मोठी करण्यासाठी पटाशी चालविली की गेलेले लाकूड परत येत नाही. पिकअपची जागाही महत्त्वाची आहे: घोडीजवळ नाद धारदार मिळतो, मानेकडे तो भरदार होतो. नवा पिकअप जुन्याच खाचेत बसणार असेल, तर जागेचा हा परिणाम त्याला बदलता येत नाही.

आणि या साऱ्याच्या आधी स्वस्त उपाय करून पाहावेत. तारा जुन्या झाल्या असतील तर बदलाव्यात. सुटलेला डाख पुन्हा लावावा. पिकअपची उंची स्क्रूने थोडी कमीजास्त करावी. तो तारांच्या फार जवळ आला तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर बिघडतो. १९६० नंतरच्या दशकात डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत खर्ज भरणारे जेम्स जेमरसन साध्या ‘प्रिसिजन बास’वर, सपाट वेष्टनाच्या जुन्या तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत. तोच पिकअप आज कोणालाही विकत मिळेल. ते बोट मिळणार नाही.

एवढे करूनही पिकअप बदलणे आवश्यक ठरले, तर जुना त्याच्या स्क्रूंसकट जपून ठेवावा. नव्याची परीक्षा एकांतात न करता ढोल, झांजा आणि इतर वाद्ये यांच्या मेळ्यात करावी. खोलीत एकटा गोड वाटणारा खर्ज तेथे कित्येकदा बुडून जातो, आणि खोलीत थोडा रांगडा भासलेला तेथे साऱ्या गाण्याचा भार उचलतो.