उकिरड्याची जागा हिरवी का राहिली?

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, तर आवाज जरा मोठा करा. आज आमचीच फजिती सांगतो.

आमच्या बचत गटानं एक मुरमाड रान खंडानं घेतलं. आधी तिथं मका होता. आम्ही काकडी लावली. वेल चार पानांवर आले आणि पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागली. आम्ही बियाण्यावर खापर फोडलं. पण एका कोपऱ्यातले वेल हिरवेगार होते. तिथं पूर्वी उकिरडा होता.

मग चौकशी केली. मक्यावर अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारलं होतं, तेही हात सैल सोडून. मक्याला ते सोसतं, काकडीला सोसत नाही.

मग उकिरड्यानं काय केलं? फोडणीचा वास सुती पदरात बसतो, स्टीलच्या ताटाला धरत नाही. तसंच हे. अ‍ॅट्राझीन पाण्यात फार विरघळत नाही. कुजलेल्या शेणखताच्या काळ्या कणांना मात्र चिकटतं. मग मुळांच्या वाट्याला कमी येतं. शिवाय खतावर जगणारे जिवाणू ते हळूहळू मोडतात. मुरमात धरून ठेवणारं काही नाही. तिथं ते मुळांत जातं, नाहीतर पाण्याबरोबर खाली उतरतं.

पण बायांनो, धरून ठेवलं म्हणजे संपलं असं नाही. जर्मनीत युलिश इथं फवारलेल्या मातीत २२ वर्षांनंतरही अ‍ॅट्राझीन सापडलं. भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त जाईल, म्हणून युरोपीय संघानं २००४ मध्ये त्याला परवानगी नाकारली. तिथली मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग!

आणखी एक. ओल्या उकिरड्याखालून चहासारखं तपकिरी पाणी झिरपतं ना? त्यात विरघळलेला सेंद्रिय भाग असतो. औषधाचे कण त्यावर स्वार होऊन विहिरीपर्यंत जाऊ शकतात. म्हणून कच्चं शेण विहिरीजवळ साठवू नका. खत पूर्ण कुजवूनच रानात घाला. फवारणीचा पंपही विहिरीवर धुऊ नका.

आणि पेरणीआधी ही परीक्षा कराच. दोन कुंड्या घ्या. एकीत त्या रानाची माती, दुसरीत औषध न पडलेली माती. दोन्हींत काकडीचं बी टोका, सारखं पाणी घाला, तीन आठवडे बघा. पहिलीतच पानं कडेनं पिवळी पडली, तर त्या रानात यंदा काकडी नको. मका किंवा ज्वारी घ्या.

आमचं अर्धं बियाणं वाया गेलं, तेव्हा हे कळलं. तुमचं जाऊ नये, म्हणून सांगितलं. येत्या हंगामात आम्ही त्या रानात ज्वारी पेरणार आहोत आणि कुजलेलं खत टाकणार आहोत. काकडी पुन्हा लावायची की नाही, ते कुंडीला विचारूनच ठरवू.

भेटू पुढच्या मंगळवारी. नमस्कार!