वैद्यकीय महाविद्यालय निवडताना



‘नीट’चा निकाल लागला की घरोघरी महाविद्यालयांची चर्चा सुरू होते. अशा वेळी मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथील सभेत त्यांनी आपला हेतू स्वतः मांडला होता : हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परंतु मुळातच नाजूक असलेली प्रकृती तिथल्या थंडीत आणि अभ्यासाच्या श्रमांत अधिकच ढासळली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक होऊनही त्यांना रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

म्हणून पाल्य आपल्या झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात जावो वा परगावी, आधी त्याचा हेतू त्याच्याच तोंडून ऐका. संलग्न रुग्णालयात रुग्ण किती येतात, वसतिगृह आणि भोजन कसे आहे, हे स्वतः पाहून या. पुढे फोनवर गुणांआधी जेवणाची व झोपेची चौकशी करा. इतरांचे आरोग्य राखायला निघालेल्यांनी स्वतःचे आरोग्य गमावता कामा नये.