घाटात गाडीचा गिअर गेला तर



आपल्यापैकी कोणी टेम्पो चालवतो, कोणी रिक्षा. कोणी शेजाऱ्याच्या गाडीतून ठाण्याला जातो. म्हणून आजचा विषय सगळ्यांचाच आहे. चालत्या गाडीचा गिअर एकाएकी गेला तर काय करायचे?

सायकलची साखळी उतरली की पायडल फिरते, पण चाक पुढे जात नाही. मोटारीचेही तसेच. इंजिनाची ताकद क्लच आणि गिअरपेटी चाकापर्यंत पोचवतात. त्यांनी दगा दिला, की इंजिन नुसते ओरडते. गाडी ओढ घेत नाही.

बहुधा आधी खुणा दिसतात. गिअर पडताना खरखर होते. जळका वास येतो. उभ्या गाडीखाली तेलाचा डाग पडतो. मालक म्हणतो, "एवढी खेप मारून ये, मग बघू." त्याला स्पष्ट सांगा, आधी मिस्त्रीला दाखवू.

आता आपला गायमुखचा घाट पहा. काशीमिऱ्याहून निघालो, फाउंटनपाशी महामार्ग सोडून ठाण्याकडे वळलो, की पुढे हा घाट लागतो. डावीकडे खाडी, उजवीकडे डोंगर. भरलेला कंटेनर चढावर बंद पडला, की मागे वाहनांची रांग लागते. ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण खोळंबा परवडला. चढावर गाडी मागे घसरते, तो खरा धोका. उतारावर वेगळेच होते. तिथे गिअरमधली गाडी इंजिन धरून ठेवते. गिअर सुटला, की सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे शहाणे हा धोका मुद्दाम ओढवून घेतात!

गिअर गेला तरी ब्रेक शाबूत असतो, हे ध्यानात ठेवा. घाबरून किल्ली फिरवू नका. चालत्या गाडीचे इंजिन बंद केले, तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ट्रकचा ब्रेक तर हवेवर चालतो, आणि ती हवा इंजिनच भरते. चारही इंडिकेटर लावा. ब्रेक दाबत गाडी डाव्या कडेला घ्या. थांबल्यावर हँडब्रेक ओढा. चाकाला मोठा दगड लावा. चढावर चाकाच्या मागून, उतारावर पुढून.

मग माणसे डाव्या दाराने उतरवा. बाहेर ऊन आहे, पाऊस आहे, म्हणून बायकामुलांना गाडीतच बसवून ठेवतात. हे फार वाईट. मागून भरधाव ट्रक आला, तर आधी तेच सापडतात. सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभे करा. गाडीच्या मागे उभे राहून वाकून पाहणे नको, ढकलणेही नको. लाल त्रिकोण गाडीपासून निदान शंभर पावले मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागच्याला आधीच दिसेल. तो ठेवताना कडेने चाला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. मदतीला 112 लावा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा आहे.

त्रिकोण नसला, तर आपले लोक झाडाच्या फांद्या आणि दगड मांडतात. तेही चालेल. पण गाडी ओढून नेली, की दगड तसेच पडून राहतात. रात्री मागून दुचाकीवाला येतो, त्याला ते दिसत नाहीत. निघताना दगड उचलून कडेला टाका, बरं का.