कंपनीचा खेळाडू

पुण्याजवळच्या माणमध्ये आयटी कंपन्यांचे संघ संध्याकाळी हौसेनं फुटबॉल खेळतात. एकेकाळी मात्र मुंबईत चांगल्या फुटबॉलपटूला कंपनी नोकरी द्यायची, ती खेळासाठीच.

गोव्यातल्या आसगावात जन्मलेले नेव्हिल डिसोझा हे टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांचे खेळाडू. १ डिसेंबर १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले. भारत ४-२नं जिंकला! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच, पण तो सामना आपण १-४नं हरलो. चार गोलांसह ते स्पर्धेत संयुक्त अव्वल ठरले, भारत चौथा.

कंपनीच्या नोकरीत खेळणाऱ्यांपेक्षा इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची तेव्हा फार चैन होती, असं समजू नका. १९६१पर्यंत तिथं पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी आठवड्याला वीस पौंडांची. खालच्या विभागांतले कित्येक जण उन्हाळ्यात दुसरी कामं करत. त्यापेक्षा आपल्याकडची कंपनीची नोकरी मला तरी शहाणपणाची वाटते. बूट उतरवल्यावरही ती टिकायची.

डिसोझा १९८०मध्ये गेले, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. क्रिकेटवेड्या मुंबईनं त्यांना फारसं लक्षात ठेवलं नाही.