जुनी विमाने : जतन की उड्डाण?



15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. बरोबर पन्नास वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, तोच प्रवास त्यांनी पुन्हा केला. त्या वेळी त्यांचे वय होते 78. पहिल्या खेपेचे विमान पस मॉथ जातीचे होते. या खेपेचे लेपर्ड मॉथ, म्हणजे 1933 साली प्रथम उडालेल्या जातीचे. वैमानिकाचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच होते. मला आज बोलावयाचे आहे ते विमानाविषयी. माणूस आपली प्रकृती स्वतः सांभाळू शकतो. विमानाची प्रकृती दुसऱ्या कोणीतरी सांभाळावी लागते.

ही सांभाळण्याची विद्या कशी असते? लेपर्ड मॉथचे धड लाकडाचे आणि पंखांवर कापड. असे विमान दुरुस्तीस घेतले की प्रथम कापड उतरवावयाचे. मग आतले सांधे तपासावयाचे. लाकूड बाहेरून ठणठणीत दिसते, पण दमट हवेने सरस सुटलेला असतो. कसबी सुतार टिचकी मारतो आणि आवाजावरून पोकळ जागा ओळखतो. त्यानंतर नवे कापड ताणून, मेणवलेल्या दोऱ्याने पंखाच्या बरगड्यांना मोजक्या अंतरावर शिवतात. त्यावर डोप नावाचे रोगण चढवितात. त्याने कापड आक्रसून ताठ होते. हात कमी पडला तर कापड सैल राहते. जास्त पडला तर नाजूक सांगाडाच वाकतो. हे सारे पुस्तकात आहे, पण पुस्तक वाचून ते हातात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या कष्टाने उभे केलेले विमान पुन्हा आकाशात कशाला न्यावयाचे? संग्रहालयात ठेवा, मुलाबाळांना दाखवा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध लाकडी विमान. तशी साडेसात हजारांहून अधिक विमाने बनली. 1996 साली त्यांतले उडणारे एकच उरले होते. त्या वर्षी 21 जुलैला इंग्लंडात मँचेस्टरजवळ, विमानांची प्रात्यक्षिके चालू असताना, एका इंजिनाने दगा दिला आणि ते कोसळले. आतले दोघेही गेले. विमान पुन्हा बांधता येईल. त्या दोघांचे काय?

पण कथा तेथे संपत नाही. कॅनडात बनलेले एक मॉस्किटो युद्धानंतर तिकडच्या एका शेतात कुजत पडले होते. न्यूझीलंडमधील कारागिरांनी ते हाती घेतले. मॉस्किटोचे धड उभे चिरल्यासारखे दोन अर्धांत बनवीत. बर्चच्या पातळ फळ्या, मध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि सारे साच्यावर दाबून चिकटवलेले. त्या मंडळींनी साचे नव्याने केले, लाकडी अंग नव्याने घडविले, जुने धातूचे भाग त्यात बसविले. 2012 च्या सप्टेंबरात ऑकलंडजवळ ते विमान उडाले.

लाकूड नवे, मग विमान जुने कसे? आपल्याकडे तानपुऱ्याच्या तारा बदलतात, मिरजेच्या कारागिराकडून जवारी पुन्हा काढून घेतात; तरी तो आजोबांचाच तानपुरा राहतो. पण माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नुसते पाहावयास ठेवलेल्या विमानात एखादा सांधा कच्चा राहिला तरी रंगाखाली खपून जातो. आकाशात तो खपत नाही. उडवावयाचे ठरले म्हणूनच त्या कारागिरांना मूळ विद्येच्या तळापर्यंत जावे लागले. उड्डाणाने विमान झिजते हे खरे. पण उड्डाणावाचून ती विद्या मरते.

म्हणून मी दोन पथ्ये सांगेन. ज्याच्यासारखे दुसरे नाही ते जमिनीवरच राहावे. मॉस्किटोचा पहिला नमुना, जो 25 नोव्हेंबर 1940 रोजी उडाला, तो लंडनच्या उत्तरेस एका संग्रहालयात जपून ठेवला आहे, आणि तेच उचित आहे. शंका आली तर मापे घ्यावयास मूळ वस्तू हवीच. ज्याचे भाग नव्याने घडविता येतात ते उडवावे. पण लोकांच्या डोक्यावरून नव्हे, आणि तपासणीत काटकसर करून तर नव्हेच. एखाद्या सांध्याची शंका फिटली नसेल, तर समारंभाची तारीख पुढे ढकलावी. निमंत्रणपत्रिका पुन्हा छापता येतात.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला जुने विमान येईल. पण जुने तेलाचे इंजिन, छापखान्याचे यंत्र, देवळाबाहेरचे मनोऱ्याचे घड्याळ, असे काही प्रत्येक गावात असते. पुढच्या वेळी ते पाहाल तेव्हा ते किती वर्षांचे, एवढेच विचारून थांबू नका. ते चालते ठेवणारा मिस्त्री कोण, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकते आहे की नाही, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर ते यंत्र आजच बंद पडले असे समजा.